सैनिक आणि संशयित
गुंडटोळ्यांच्या बंदोबस्तासाठी सैन्य वापरावे काय?

लूकलिखित शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे तीन प्रकारचे लोक एकच प्रश्न घेऊन येतात. प्रथम जमाव, मग जकातदार आणि शेवटी सैनिक. आपण काय करावे, असे तिघेही विचारतात. पहिल्या दोघांना मिळालेल्या उत्तरांवर आपल्याकडे आगमनकाळात पुष्कळ प्रवचने होतात. सैनिकांना मिळालेल्या उत्तरावर ती क्वचितच होतात. त्याचे एक कारण असे की ते सैनिक कोण, हेच आपण सहसा विचारीत नाही. अनेक भाष्यकारांच्या मते ते रोमी सैन्यातले नसून हेरोद अंतिपाच्या चाकरीतले असावेत, आणि जकातदारांच्या पाठोपाठ त्यांचा उल्लेख येतो याचा अर्थ ते जकातवसुलीच्या संरक्षणासाठी नेमलेले असावेत. प्राचीन जगात आजच्यासारखे स्वतंत्र पोलीसखाते नव्हते. म्हणजे योहानापुढे उभे राहिलेले हे लोक पेशाने सैनिक, पण कामाने पोलीस होते.

ही गोष्ट येथे आठवण्याचे कारण सांगितले पाहिजे. बेळगाव भागातील धर्मशिक्षकांच्या एका अभ्यासवर्गात एका तरुण धर्मशिक्षकाने वर्तमानपत्रातले एक छायाचित्र सर्वांपुढे ठेवले. मुंडण केलेले, केवळ पांढऱ्या अर्ध्या चड्ड्या ल्यालेले शेकडो कैदी माना खाली घालून एकमेकांना चिकटून ओळीत बसविले आहेत, असे ते चित्र होते. देश मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर. तरुणाचा प्रश्न सरळ होता : ‘फादर, तिथे सैन्य उतरवले आणि खून थांबले. गरिबांना सुखाने झोप लागू लागली. मग ख्रिस्ती माणसाने याला हरकत का घ्यावी?’ वर्गात मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. सर्वांच्या नजरा साहजिकच त्यांच्याकडे वळल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, ‘आम्हाला शत्रू ओळखायला शिकवतात, फादर. गल्लीत शत्रू कोण, ते आम्हाला कोणी शिकवलेले नाही.’

त्या दिवशी मला दोघांचेही समाधान करता आले नाही. प्रस्तुत लेख हा तो प्रयत्न पुन्हा करून पाहण्यासाठी आहे.

‘तारणारा’ नावाचा देश

एल साल्वादोर या स्पॅनिश नावाचा अर्थच ‘तारणारा’ असा आहे. सुमारे २१,००० चौरस किलोमीटरचा आणि साठ लाखांच्या आसपास वस्तीचा हा देश आपल्याला परिचित आहे तो आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्यामुळे. मिस्सा अर्पण करीत असताना २४ मार्च १९८० रोजी त्यांना गोळी घालण्यात आली. २०१८ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केले. मृत्यूच्या आदल्या दिवशीच्या प्रवचनात त्यांनी आपल्या देशाच्या सैनिकांना आणि सुरक्षादलांना, तुम्ही आपल्याच लोकांना मारीत आहात, देवाच्या आज्ञेविरुद्धचा हुकूम पाळण्यास तुम्ही बांधलेले नाही, असे बजावले होते, हे आपण जाणतो. मात्र हे प्रवचन तेथील पोलीसव्यवस्थेच्या संदर्भात वाचावयास हवे, याकडे आपले लक्ष गेलेले नसते. नॅशनल गार्ड, महसुली पोलीस आणि राष्ट्रीय पोलीस ही त्या काळची तिन्ही दले संरक्षणखात्याच्या अमलाखाली होती. गावातला शिपाई हा वस्तुतः सैनिकच होता, आणि ज्या शेतमजुराला पकडावयाचे तो त्याच्या दृष्टीने शत्रूच्या पक्षाचा होता. १९८० ते १९९२ या यादवी युद्धात सुमारे ७५,००० माणसे मेली.

म्हणूनच १६ जानेवारी १९९२ रोजी मेक्सिकोत चापुल्तेपेक येथे जो शांतताकरार झाला, त्याच्या गाभ्याशी ही दोन कामे वेगळी करण्याचा निर्णय होता. जुनी दले मोडण्यात आली. राष्ट्रीय नागरी पोलीस हे नवे दल निघाले. सैन्याचे काम देशाच्या सीमेचे व सार्वभौमत्वाचे रक्षण, अंतर्गत शांततेसाठी त्याचा वापर केवळ अपवाद म्हणून, नेहमीचे उपाय संपल्यावर, तात्पुरता आणि विधिमंडळाला कळवून, असे राज्यघटनेत लिहिले गेले. पाऊण लाख प्रेतांच्या मोलाने शिकलेला हा धडा होता.

तो फार काळ टिकला नाही, आणि त्याचा दोष केवळ सत्ताधाऱ्यांना देणे मला न्यायाचे वाटत नाही. युद्धाच्या काळात लॉस एंजेलिसला पळालेल्या निर्वासितांची मुले तेथील रस्त्यांवर मारा साल्वात्रुचा आणि बार्रियो १८ या टोळ्यांत वाढली. अमेरिकेने १९९० नंतरच्या दशकात त्यांना हजारोंच्या संख्येने मायदेशी धाडले. ज्या देशात ना काम होते ना नीट उभे राहिलेले पोलीसदल, तेथे या टोळ्यांनी वस्त्याच्या वस्त्या वाटून घेतल्या. बसचालक, किराणा दुकानदार, मक्याच्या भाकरी विकणारी बाई, साऱ्यांकडून त्या ‘रेन्ता’ म्हणजे खंडणी घेत. एका टोळीच्या वस्तीतला मुलगा दुसऱ्या टोळीच्या वस्तीतल्या शाळेत जाऊ शकत नसे. २०१५ साली तेथे साडेसहा हजारांहून अधिक खून झाले. दर लाख वस्तीमागे शंभरावर. हे आकडे युद्ध चालू असलेल्या देशाचे वाटतात, आणि तेथील मातांच्या दृष्टीने ते युद्धच होते.

सैन्य टप्प्याटप्प्याने परतले. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्लोरेस यांनी ‘मानो दुरा’, म्हणजे कठोर हात, हे धोरण जाहीर करून पोलीस व सैनिकांची संयुक्त गस्त सुरू केली. २००९ मध्ये डाव्या पक्षाचे राष्ट्राध्यक्ष फुनेस यांनी सैनिकांची संख्या वाढविली. तरुण सरसकट तुरुंगात गेले, तुरुंग टोळीवार वाटले गेले आणि त्या भिंतींच्या आत टोळ्या अधिकच संघटित झाल्या. प्रत्येक वेळी सैन्य ‘तात्पुरते’ आले होते.

मार्च २०१२ मध्ये एक निराळा प्रयत्न झाला. सैन्याचे बिशप फाबिओ कोलिंद्रेस आणि एक माजी गनिमी सेनानी राऊल मिहान्गो यांनी तुरुंगात जाऊन दोन्ही टोळ्यांच्या नायकांत समेट घडविला. दिवसाकाठी चौदाच्या घरात असलेले खून अवघ्या काही आठवड्यांत निम्म्याहून खाली आले. आपल्यापैकी कित्येकांना हे ऐकून आनंद होईल. मलाही झाला होता. पण पुढचेही सांगितले पाहिजे. खंडणी थांबली नव्हती, नायकांना सवलती मिळाल्या होत्या, आणि सामान्य माणसाला या समेटात कोणी विचारले नव्हते. दोन वर्षांत तो मोडला व पाठोपाठ आले ते वर उल्लेखिलेले भीषण २०१५ साल. या वाटाघाटींबद्दल फुनेस यांना २०२३ मध्ये त्यांच्या गैरहजेरीत चौदा वर्षांची शिक्षाही सुनावण्यात आली.

मग मार्च २०२२ उजाडला. त्या महिन्याच्या अखेरीस तीन दिवसांत ८७ माणसे मारली गेली. त्यांतील ६२ एकट्या २६ तारखेला. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांच्या विनंतीवरून विधिमंडळाने तीस दिवसांची अपवादात्मक स्थिती जारी केली. अटकेचे कारण कळण्याचा हक्क आणि वकिलाचा हक्क स्थगित झाला. न्यायाधीशापुढे नेण्याची ७२ तासांची मुदत पंधरा दिवसांवर गेली. ते तीस दिवस महिन्यामागून महिना वाढत २०२५ सालीही चालूच होते. डिसेंबर २०२२ मध्ये सोयापान्गो या शहराला ८,५०० सैनिक आणि १,५०० पोलिसांनी वेढा घातला, यावरून कोणाचे पारडे जड होते ते दिसते. ८०,००० हून अधिक माणसे पकडली गेली. तेकोलुका येथे ४०,००० कैद्यांसाठी नवा तुरुंग उभा राहिला. आमच्या वर्गातले छायाचित्र तिथलेच.

परिणाम? सरकारी हिशेबाने २०२३ मध्ये वर्षभरात १५४ खून, २०२४ मध्ये ११४. मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप आहेत, पण घट खरी आहे हे विरोधकही नाकारीत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुकेले यांना सुमारे ८५ टक्के मते मिळाली. भाकरी विकणाऱ्या बाईला आज खंडणी द्यावी लागत नाही. तिची ही सुटका तुच्छ लेखणाऱ्या धर्मगुरूने तिच्यापुढे न्यायाविषयी प्रवचन करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कृत्य की ओळख?

तर मग आक्षेप कोठे आहे? येथे आपल्याला संत थॉमस अक्वायनस यांच्याकडे वळावे लागते. धर्म्य युद्धाचा विचार करताना (‘सुम्मा’च्या दुसऱ्या भागाचा उत्तरार्ध, प्रश्न ४०) रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा आधार घेऊन ते म्हणतात की राज्यकर्त्याने जशी अंतर्गत उपद्रव करणाऱ्यांविरुद्ध तलवार उपसणे योग्य, तशीच ती बाहेरच्या शत्रूविरुद्ध उपसणेही योग्य. थॉमस येथे साम्य दाखवीत आहेत. परंतु त्यांनी दोघांना दोन नावे दिली आहेत, हे नजरेआड करू नये. आतला तो दुष्कर्मी आणि बाहेरचा तो शत्रू.

हा केवळ शब्दांचा भेद नाही. युद्धात सैनिक समोरच्यावर गोळी झाडतो ती त्या माणसाने अमुक कृत्य केले म्हणून नव्हे. तो कदाचित कालच भरती झालेला, एकही गोळी न झाडलेला पोरगा असेल. त्याचा गणवेश, त्याची बाजू, एवढे पुरे असते. युद्धाच्या नीतिशास्त्रात हे मान्य आहे. पोलिसाला मात्र हे कधीच मान्य नाही. त्याने माणसाला हात लावावयाचा तो त्या माणसाने केलेल्या विशिष्ट कृत्याच्या संशयावरून, आणि तो संशय त्याने पुढे न्यायाधीशाला पटवून द्यावयाचा. पंचनामा, साक्षीदार, जबाब या कंटाळवाण्या कागदांचा उगम या एका भेदात आहे. सैनिक यात अडाणी असतो असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. त्याची सारी शिस्त दुसऱ्याच कामासाठी घडविलेली असते.

सैन्य पोलिसाच्या जागी उभे राहिले की गुन्ह्याची व्याख्या कृत्याकडून ओळखीकडे सरकते, आणि एल साल्वादोरमध्ये नेमके हे घडले. अंगावरचे गोंदण, राहण्याची वस्ती, एखादा टोळीतला भाऊ हे जणू गणवेश ठरले. निनावी तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक जाहीर झाला. अटक झालेल्यांपैकी सुमारे ८,००० जणांना निर्दोष म्हणून सोडल्याचे २०२४ मध्ये स्वतः राष्ट्राध्यक्षांनी सांगितले. म्हणजे पकडलेल्या दर दहांमागे जवळजवळ एक. अँग्लिकन धर्मबंधूंच्या पुढाकाराने सुरू झालेल्या क्रिस्तोसाल या मानवी हक्क संस्थेने कोठडीतील ३०० हून अधिक मृत्यूंची नोंद केली, आणि २०२५ मध्ये त्या संस्थेला देश सोडावा लागला. एकेका खटल्यात शेकडो आरोपींना एकत्र उभे करण्याची मुभा देणारा कायदा २०२३ मध्येच झाला होता. शेकडोंच्या त्या रांगेत अमक्या माणसाने अमके केले, हा प्रश्न विचारला तरी कसा जाणार?

निरपराध्याला मारणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही, हे थॉमस यांनी याच ग्रंथात ६४ व्या प्रश्नात सांगितले आहे, आणि तेथे त्यांनी समाजाच्या हिताचा युक्तिवादही ध्यानात घेतला आहे. कोठडीत निरपराध मेला तर त्यावर ‘पण खून कमी झाले’ हे उत्तर होऊ शकत नाही. तसेच ‘पण निरपराध मेले’ हे त्या भाकरीवाल्या बाईला उत्तर होऊ शकत नाही. मला येथे सोपी वाट दिसत नाही.

आता योहानाच्या उत्तराकडे परत येऊ. सैनिकी पेशा सोडा, असे तो म्हणत नाही, आणि यावर परंपरेने योग्य भर दिला आहे. तो तीन गोष्टी सांगतो : धाकदपटशाने कोणाला नाडू नये, कोणावर खोटा आळ घेऊ नये, आणि आपल्या वेतनात संतुष्ट असावे. पहिल्यासाठी मूळ ग्रीक शब्द ‘दियासैओ’ हा आहे, म्हणजे गदागदा हलविणे, झोडपून काढणे. दुसरा ‘सुकोफान्तेओ’, म्हणजे खोटी चहाडी करून माणसाला गोत्यात आणणे. रणांगणावरच्या सैनिकाला खोट्या आळाविषयी ताकीद देण्याचे काही कारण नसते. शत्रूवर आळ कोण घेतो? ही ताकीद त्यालाच लागते, ज्याच्या हातात शस्त्र आहे आणि समोर शेजारी आहे. योहानाने त्यांच्या पेशाला नव्हे, तर त्यांच्या कामाला उत्तर दिले.

ख्रिस्तसभेला टोळ्यांचा अनुभव नवा नाही. सुमारे इ. स. ४१२ मध्ये उत्तर आफ्रिकेत सर्कमसेलियन नावाच्या हिंसक टोळीवाल्यांनी एका धर्मगुरूचा खून केला आणि दुसऱ्याचा डोळा काढून बोट तोडले. गुन्हेगार पकडले गेले, त्यांनी कबुली दिली. तेव्हा संत ऑगस्टीन यांनी न्यायकर्त्या मार्सेलिनसला पत्र लिहून (पत्र १३३) विनविले की त्यांना देहान्त शासन देऊ नये, त्यांनी केलेली इजा त्यांच्यावर उलटवू नये. त्यांना आवरून उपयुक्त कामाला लावावे. प्रामाणिकपणासाठी हेही नमूद केले पाहिजे की ती कबुली छड्या मारून घेतलेली होती, आणि लोखंडी नख्या व आग वापरली नाही याबद्दल ऑगस्टीन यांनी न्यायकर्त्याचे कौतुकच केले आहे. पुढे त्यांनी साम्राज्याच्या बळाचा याहून कितीतरी सढळ पुरस्कार केला. संतही आपल्या काळाच्या बाहेर राहत नाहीत. तरी मारेकऱ्यालाही न्यायाधीशासमोर माणूस म्हणून उभे करावे, हा त्यांचा आग्रह आपल्या कामाचा आहे.

किती मदत, कोणती मदत

सैन्याने पोलिसांना मुळीच साहाय्य करू नये, असा निष्कर्ष यातून निघत नाही. स्वीडनचे उदाहरण पाहावे. तेथे आदालेन येथे १४ मे १९३१ रोजी संपकऱ्यांच्या मिरवणुकीवर सैनिकांनी गोळीबार केला व पाच माणसे मेली. त्या आठवणीने त्या देशाने सैन्याला नागरिकांपासून कटाक्षाने दूर ठेवले; २००६ च्या कायद्याने केवळ दहशतवादी हल्ल्यापुरता अपवाद केला. सप्टेंबर २०२३ मध्ये टोळ्यांच्या खूनसत्राने देश हादरला तेव्हा पंतप्रधान क्रिस्टरसन यांनी सेनाप्रमुखांना पाचारण केले. पुष्कळांना वाटले, आता रस्त्यावर रणगाडे येणार. आली ती मदत स्फोटकांचे ज्ञान, वाहतूक, माहितीचे विश्लेषण अशा स्वरूपाची होती. माणसाला पकडण्याचे काम पोलिसांकडेच राहिले. स्वीडन श्रीमंत आहे, त्याचे पोलीस विकले गेलेले नाहीत, तेव्हा ही तुलना फार ताणू नये. पण रेषा कोठे ओढावयाची ते तिच्यातून दिसते.

आपल्या देशाच्या कायद्यातही ही रेषा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १३० वे कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४९ वे झाले आहे. बेकायदा जमाव अन्य उपायांनी पांगत नसेल तर दंडाधिकाऱ्याने सैन्य बोलवावे. अधिकाऱ्याने कमीत कमी बळ वापरावे व कमीत कमी इजा करावी, असे ते सांगते. आमच्या सुभेदारसाहेबांनी नंतर मला या कामाची कवायत समजावून सांगितली : दंडाधिकाऱ्याची लेखी सही, मग फलक उघडून इशारा, बिगुल, नेमून दिलेल्या जवानानेच झाडावयाची गोळी, आणि शेवटी रिकामी काडतुसे गोळा करून मोजणे. ‘लढाईत काडतुसे कोण मोजतो, फादर?’ असे ते म्हणाले. हा कायदा जमावापुरता आहे. महिनोन्महिने वस्तीत राहून गुन्हेगार हुडकण्याचे काम तो सैनिकाला देत नाही, आणि ते योग्यच आहे.

ग्वाल्हेरच्या आपल्या वाचकांना चंबळचे दरोडेखोर आठवत असतील. १९६० मध्ये विनोबाजी त्या खोऱ्यात फिरले तेव्हा त्यांच्याबरोबर मेजर जनरल यदुनाथ सिंग हे त्याच भागातले सेनाधिकारी होते. दऱ्यांतून जाऊन त्यांनी टोळीवाल्यांची मने वळविली, आणि वीस जणांनी शस्त्रे खाली ठेवली. सैनिकाने गुंडटोळीच्या प्रश्नात केलेली ही मदत बंदुकीविना होती. तेव्हाचे मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख रुस्तमजी यांना हा सारा प्रकार पसंत नव्हता. पकडणाऱ्या पोलिसांचे बलिदान आणि लुटल्या गेलेल्यांचे दुःख यात विसरले जाते, असे त्यांच्या बाजूचे म्हणणे होते, व ते खोटे नव्हते. तरीही १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाशजींपुढे शेकडोंनी शस्त्रे ठेवली, आणि त्यानंतर ते न्यायालयापुढे उभे राहिले, शिक्षा भोगून आले. त्या प्रत्येकावर त्याच्या नावाचा खटला होता.

तेव्हा माझे मत असे : पहारा, नाकाबंदी, वाहतूक, स्फोटके निकामी करणे, यांत सैन्याने ठरावीक मुदतीपुरते नागरी अधिकाऱ्याच्या हाताखाली साहाय्य करावे. अटक, चौकशी आणि कोठडी यांत त्याने पडू नये. मुदत संपली की बराकीत परतावे. कारण रस्त्यावर उतरलेले सैन्य रस्त्यावरच थांबत नाही. ९ फेब्रुवारी २०२० रोजी, अपवादात्मक स्थितीच्या दोन वर्षे आधी, टोळीविरोधी साहित्यासाठी कर्ज मंजूर व्हावे म्हणून बुकेले सशस्त्र सैनिकांसह विधिमंडळाच्या सभागृहात शिरले होते.

धर्मगुरूंच्या आणि धर्मशिक्षकांच्या वाट्याला हा प्रश्न कायद्याच्या रूपाने क्वचितच येईल. तो पापनिवेदनाच्या वेळी येईल, जेव्हा जुन्या भांडणापोटी शेजाऱ्याचे नाव पोलिसांत कळविलेला माणूस गुडघे टेकील. किंवा मुलगा कोठडीत असलेली आई, आणि त्याच मुलाच्या टोळीने ज्याचे दुकान जाळले तो दुकानदार, हे दोघे एकाच रविवारी एकाच बाकावर बसतील.

अभ्यासवर्गाच्या शेवटच्या मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थना मांडण्याचे काम मी त्या तरुण धर्मशिक्षकाकडे दिले होते. त्याने गुंडांच्या हातून मारल्या गेलेल्यांसाठी आणि कोठडीतल्या निरपराधांसाठी दोन विनंत्या लिहून आणल्या. सुभेदारांनी कागद वाचला, खिशातून पेन काढले आणि खाली तिसरी ओळ वाढविली : ज्यांना हुकूम मिळाला आहे, त्या जवानांसाठी.